फोटो फ्रेमिंग शिकायचंय? मग आधी जुन्या फ्रेमा खोलायला बस

प्रश्न थोडक्यात असा की वय २४, बीकॉम झालंय, मालाडला कुरियरच्या गोदामात नोकरी आहे, हाताने काही करायची आवड आहे आणि फोटो फ्रेमिंग शिकून पुढे स्वतःचं दुकान टाकायचंय. एक दुकानदार म्हणतो सहा महिने फुकट काम कर, मग बघू. मित्र म्हणतो कशाला, अंडरपिनर मशीन (फ्रेमचे कोपरे पिनने जोडणारं) घे, मोबाईलवर व्हिडिओ बघ, महिन्याभरात सुरू. यातलं काय करू?

तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून एकेरीतच लिहितो, राग मानू नकोस. मी १९९४ साली गिरगावात एका दुकानात उमेदवारीला लागलो, चार वर्षं तिथे काढली, मग स्वतःचं सुरू केलं ते आजही चालू आहे.

उमेदवारी कर. फुकट नको, पैशाचं पुढे लिहितो, पण उमेदवारी कर आणि अशाच दुकानात कर जिथे जुन्या फ्रेमा रिपेअरला येतात. फक्त नवीन माल बनवणाऱ्या दुकानात तुझा हात बसेल, डोळा बसणार नाही.

कारण असं की नवीन फ्रेमेत चूक दिसतच नाही. काच पुसली, मागे ब्राऊन टेप मारली आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिली की सगळ्याच फ्रेमा छान दिसतात, माझीही आणि कालपरवा धंद्यात आलेल्याचीही. ती कशी बांधलीय हे आठ-दहा पावसाळे गेल्यावर कळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असतो, चाळीतल्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, कागद फुगतो, पावसाळा सरला की परत सुकतो, लाकूडही तेच करतं. तू जे व्हिडिओ बघतोस ते बहुतेक परदेशातल्या कोरड्या खोल्यांमधले, त्यातली कटिंग-जॉइंटची पद्धत बरोबर असते पण आपला जुलै त्यांच्याकडे नसतो. आपला जुलै जुन्या फ्रेमेच्या आत बसलेला असतो, म्हणून ती खोलायची.

आमच्या मास्तरांनी पहिले पाच महिने मला करवतीला हात लावू दिला नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला एक पाट, एक पक्कड, एक पातळ सुरी, जुना पेंटिंगचा ब्रश आणि रिपेअरचा ढीग. फ्रेम उपडी करायची आणि लगेच उचकटायची नाही, आधी वास घ्यायचा. कुबट आला तर आत बुरशी, म्हणजे नाकाला रुमाल आणि ते काम दुकानातल्या बाकी कागदांपासून लांब. मग पाठ वाचायची. मास्तर विचारायचे, "सांग, आधीच्याने काय काय केलंय?" आणि मी सांगायचो की चुका (बारीक खिळे) गंजल्यात, मागे खोक्याची देवदारी फळी आहे, फळीच्या फटीतून धूळ आत गेलीय, चित्र फळीला चारी बाजूंनी खळीने चिकटवलंय. "मग आत काय झालं असेल?" ते आधी बोलून दाखवायचं आणि मग खोलून बघायचं. माझा अंदाज बरोबर यायला लागला तेव्हाच मला फ्रेमची लाकडी पट्टी कापायला दिली.

एक नीट आठवतं म्हणून सांगतो. कोकणातल्या घरातून आलेली लक्ष्मीची तसबीर होती, रवी वर्मा प्रेसची छापील. हा प्रेस १८९४ ला सुरू झाला आणि ही चित्रं घराघरांत गेली, अजूनही गावाकडची घरं आवरताना निघतात. या चित्रावर घरातल्या कुणीतरी साडीच्या जागी खरी जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. काचेतून फक्त पिवळट डाग दिसत होते. फळी काढल्यावर कळलं की डाग फळीच्या जोडांप्रमाणे सरळ रेषेत आलेत, म्हणजे जिथे फळ्यांमध्ये फट तिथेच कागद तपकिरी. खळ मैद्याची, त्यामुळे कसर लागून कडा जाळीसारख्या झालेल्या. पण जिथे टिकल्या शिवल्या होत्या तिथला कागद ठणठणीत, कारण टिकल्यांच्या जाडीमुळे काच कागदाला टेकलीच नव्हती! माऊंट म्हणजे शोभेची पांढरी पट्टी अशी माझी तोपर्यंत समजूत होती. माऊंट कशासाठी हे मला त्या लक्ष्मीने शिकवलं. काच आणि कागद यांच्यात हवेला जागा पाहिजे, नाहीतर काचेच्या आतल्या बाजूला जमलेला ओलावा थेट कागदात उतरतो.

आता माझ्या हातून झालेली चूकही सांगतो, ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. आठवा महिना असेल. लालबागच्या एका बाईंनी वडिलांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणला, काच तडकली होती, नवीन टाकायची एवढंच काम. फोटो माऊंटशिवाय थेट काचेला लावलेला. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, दमट हवेत तो मऊ पडतो आणि काचेला धरून बसतो. मास्तर बाहेर गेले होते, मला वाटलं सुरी घालून हळूच सुटेल. कोपरा सुटला म्हणून जोर केला आणि डावा कान, गाल आणि टोपीची कड काचेवर राहिली, फोटोवर नुसता पांढरा कागद. त्या माणसाचा दुसरा फोटो घरात नव्हता. मास्तर स्वतः त्यांच्या घरी गेले, मलाही बरोबर नेलं, "माझ्या दुकानात झालं" एवढंच म्हणाले आणि हात जोडले. त्या बाई काही बोलल्या नाहीत, फोटो पदरात गुंडाळून आत घेऊन गेल्या. तीस वर्षं झाली, काचेला चिकटलेला फोटो समोर आला की अजून माझा हात आधी मागे येतो.

असा फोटो आला तर काय करायचं ते लिहून ठेव. आधी काचेवरूनच चांगला स्कॅन किंवा फोटो काढून घे, म्हणजे काहीतरी हातात राहील. मग बघ सहज सुटतोय का, आणि नाही सुटला तर सोडवायचाच नाही. तो जुन्या काचेसकट तसाच ठेवायचा, वर नवीन काच आणि मधे पट्टी देऊन दोन्ही एका फ्रेमेत बसवायचं, दिसायला काही वाईट दिसत नाही. फारच मोलाची वस्तू असेल तर ती कागदाच्या कन्झर्व्हेशनवाल्याकडे (जुने कागद, चित्रं जपणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठव, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कन्झर्व्हेशन सेंटर आहे. हे आपलं काम नाही असं गिऱ्हाइकाला सांगणं हाही कामाचाच भाग आहे आणि तो मशीनबरोबर येत नाही.

खोलत गेलास की प्रत्येक चुकीची खूण ओळखीची होते. चित्राच्या कडेने सरळ तपकिरी रेघ आली असेल तर साधं, लाकडाच्या लगद्याचं माऊंट वापरलंय, त्यातल्या ॲसिडने कागद भाजला. वरच्या कडेला पिवळे तेलकट चौकोन दिसले तर सेलोटेप, आणि तिचा डिंक कागदात खोल उतरतो, टेप सुटते पण डाग जात नाही. कागदाला लाटा आल्या असतील तर चारी बाजू चिकटवल्यात, पावसात फुगायला जागाच ठेवली नाही. म्हणून चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी लटकवायचं, जपानी टिश्यूच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ, म्हणजे उद्या कुणाला काढायचं झालं तर पाण्याच्या बोटाने सुटतं. आमच्या मास्तरांच्या आधीची पिढी खळीत मोरचूद घालायची, कीड लागत नाही म्हणून, पण मोरचूद कागदाला वाईट, ते करू नको. आणि माझं मत विचारशील तर या धंद्यात नियम एकच आहे, आपण जे लावू ते आपल्यानंतरच्या माणसाला चित्राला धक्का न लावता काढता आलं पाहिजे. फेव्हिकॉल लाकडाला, चित्राला कधीच नाही. ओरिजिनल चित्र हार्डबोर्डवर पूर्ण चिकटवून देणारा माणूस कितीही स्वस्त आणि झटपट असो, त्याच्याकडे शिकू नको.

कटिंगचं म्हणशील तर ते शिकायला तितकं अवघड नाही पण हिशोब डोक्यात पक्का हवा. सुतारांसारखंच आपल्याकडेही इंच आणि सूत, आठ सुतांचा एक इंच. काच १२ बाय १८ आणि पट्टी एक इंच रुंद असेल तर पट्टी किती लागेल? चारी बाजूंची बेरीज ६०, त्यात पट्टीच्या रुंदीच्या आठपट म्हणजे ८, एकूण ६८ इंच, म्हणजे ५ फूट ८ इंच, वर करवतीच्या पात्यात जाईल ते. आठपट का तर कोपरे चार आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांची रुंदी जाते. काच ज्या खाचेत बसते तेवढी जागा यातून परत मिळते, ती तुझी सूट समज. आतलं माप काचेपेक्षा एक सूत मोठं ठेवायचं. नवीन मुलं काच घट्ट बसली की खूश होतात आणि पहिल्या पावसात लाकूड हललं की कोपऱ्यातून काच तडकते.

४५ अंशाचं सगळे बोलतात. एका चौकटीला आठ कट असतात, प्रत्येक कट अर्ध्या अंशाने चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उघडते, म्हणजे पहिले तीन कोपरे झकास आणि चौथ्यात बोट जाईल एवढं अंतर. पण जास्त वेळा चुकतं ते वेगळंच, समोरासमोरच्या दोन पट्ट्यांची लांबी सारखी नसते. कोन बरोबर असून फट येते आणि मुलगा तासभर मशीनचा कोन फिरवत बसतो. म्हणून कापल्यावर दोन्ही पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या आणि टोकावरून बोट फिरवायचं, डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला लागतो. जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. फट राहिलीच तर लांबी (पुट्टी) भरून रंग मारून झाकता येते, सगळेच कधी ना कधी झाकतात, पण उमेदवारीत असताना झाकायचं नाही, खोलून परत कापायचं, पट्टी वाया गेली तरी. चांगला मालक तेवढी पट्टी वाया जाऊ देतो.

काच कापायला मला दोन महिने लागले. आम्ही चाकाच्या कटरलाही हिराच म्हणतो. चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, मोजपट्टी धरायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच, न थांबता. दाब बरोबर असला की कापड फाटल्यासारखा बारीक सलग आवाज येतो, कुरकुर आली तर दाब जास्त आणि आवाज तुटला तर रेघ तुटली. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कधीही फिरवायचं नाही, हिरा खराब होतो आणि काच वाटेल तिकडे जाते. मग रेघ टेबलाच्या कडेवर आणून एकाच झटक्यात. घाबरत घाबरत तोडलीस तर हमखास वाकडी तुटते. आमच्याकडे तुटलेल्या फ्रेमांच्या जुन्या काचा सरावाला द्यायचे, तू पण त्याच माग.

कॅनव्हासचं थोडक्यात, ताणताना प्रत्येक बाजूच्या मधून सुरुवात करून समोरासमोर कोपऱ्यांकडे जायचं, ऑइल पेंटिंगवर काच लावायची नाही. मोठ्या कामाला काचेऐवजी ॲक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिकची शीट) हलकं पडतं, पण चारकोल किंवा सुक्या पेस्टलवर ॲक्रिलिक अजिबात नको, पुसताना त्यात करंट (स्थिर वीज) येतो आणि चित्रातली भुकटी उडून आतून चिकटते. एका विद्यार्थ्याच्या पेस्टलचं असं झालेलं मी बघितलंय, अर्धं आकाश ॲक्रिलिकवर गेलं होतं.

आता दुकान कसं निवडायचं. गिऱ्हाईक म्हणून जा आणि एखादी तयार फ्रेम उलटी करून दाखवा म्हण. पाठीवर टेप सरळ आहे का, खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोळ्या आहेत का (त्यामुळे भिंत आणि फ्रेमेत हवा खेळते, ओल थेट लागत नाही), कड्या वरून साधारण एक तृतीयांशावर आहेत का. मालक पाठ दाखवायला कुरकुरला तर पुढे जा. दुसरं, काउंटरवर थोडा वेळ उभा राहा आणि वस्तू घेताना तो काय करतो ते बघ. चांगला माणूस आधी हात पुसतो, वस्तू उजेडात धरतो, आधीपासून असलेला डाग किंवा चीर गिऱ्हाइकाला दाखवतो आणि बिलावर लिहितो. आजकाल मोबाईलवर फोटोही काढतो. काउंटर सगळ्यात शेवटी मिळतो आणि तेच सगळ्यात कठीण काम आहे, कारण माणसं डिग्री आणतात, बारशाचे पायाचे ठसे आणतात, गेलेल्या माणसाचा फोटो आणतात आणि तो उद्या तेराव्याला हवा असतो. अशा वेळी पट्टीचे चाळीस नमुने पुढे टाकायचे नसतात, दोनच दाखवायचे आणि बाकी आपण ठरवायचं.

शक्य झालं तर असं दुकान बघ जिथे देवाचे फोटो, घरातले फोटो आणि चित्रकारांचं काम, तिन्ही येतं. फोर्ट-काळा घोड्याकडे चित्रकारांचं काम जास्त, जहांगीर आर्ट गॅलरीमध्ये प्रदर्शनं आठवड्या-आठवड्याने बदलतात त्यामुळे एका रात्रीत तीस कॅनव्हास बांधायची वेळ येते, तिथे वेग शिकशील. गिरगाव, दादर, परळच्या जुन्या दुकानांत रिपेअर जास्त. आणि हे काम कमीपणाचं समजू नकोस, केकू गांधींनी १९४१ मध्ये केमोल्ड सुरू केलं ते फ्रेमांचाच धंदा म्हणून, त्यांच्या फ्रेमांच्या दुकानात नवीन चित्रकारांची चित्रं लागायची आणि १९६३ मध्ये त्यातूनच जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी उभी राहिली. ज्या माणसाच्या हातातून रोज चित्रं जातात त्याला चित्र कळायला लागतं.

पैशाचं. फुकट सहा महिने अजिबात नको. तू झाडू मारणार, काच पुसणार, डिलिव्हरी करणार, त्या कामाचे पैसे असतातच. मला पहिल्या आठवड्यापासून १५० रुपये आठवड्याला मिळायचे, थोडे होते पण मिळायचे. निदान लोकलचा पास, जेवण आणि वर हातखर्चाला काहीतरी, आणि तीन महिन्यांनी पगाराची बोलणी, हे पहिल्याच दिवशी ठरवून घे. उलट तूच फी भर असं कुणी म्हटलं तर सरळ नमस्कार कर. तुझी परिस्थिती बघता नोकरी लगेच सोडू नको, मालकाला विचार की शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी चालेल का. पहिले चार महिने असे काढून बघ, कंबर आणि डोळे हे काम मानतात का ते कळेल. सुतारकामाचं अजिबात अंग नसेल तर आयटीआयचा कारपेंटर ट्रेड आहे, पण रंधा, पटाशी, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) हे दुकानातही शिकशील.

मशीन नंतर घे, निदान दोन वर्षांनी. अंडरपिनर वाईट नाही, माझ्याकडेही आहे, व्ही आकाराची पिन खालून मारतो आणि कोपरा पाच सेकंदात होतो. पण कटिंग चुकलेली असली तर तो चूक तितक्याच वेगाने पक्की करतो, आणि सागवानाला कुठली पिन आणि फायबरच्या पट्टीला कुठली हे हाताने जोडलेलं असल्याशिवाय कळत नाही. तोपर्यंत स्वतःचं सामान म्हणून एक चांगली स्टीलची पट्टी, गुण्या, हिरा आणि कटरची पाती, एवढंच घे. पात्यांवर कंजूषी करू नको, माऊंटचा तिरका कट बोथट पात्याने मारला की कडेला केसाळपणा येतो आणि आपण हाताला दोष देत बसतो. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) कापताना मास्क आणि डोळ्याला गॉगल, हे मालक सांगो न सांगो.

आणि जमलं तर सुरुवात पावसाळ्यात कर. जून-जुलैत रिपेअरचा ढीग सगळ्यात मोठा असतो, लोक ओल लागलेल्या फ्रेमा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन येतात, मालकालाही तेव्हाच हाताखाली माणूस हवा असतो. त्या दुकानदाराकडे परत जा आणि सांग की फुकट नाही करणार, पण तुमचं रिपेअरचं खोलायचं काम मी करतो. तो हो म्हणाला आणि पहिली फ्रेम तुझ्यापुढे आली की पक्कड लगेच उचलू नकोस, आधी उलटी करून वास घे, आणि मग इथे येऊन सांग आत काय निघालं.